एका धाग्यावर दोन गाठी

"गाठ मारली की ओढून बघायची. पण मारणाऱ्याच्या देखत नाही."

सासूबाईंचा हा आवाज माईंच्या कानात पन्नास वर्षं मुक्कामाला होता. आज कात्री उचलली तेव्हाही तो आलाच. माईंनी कात्री मांडीवर ठेवली, रोजच्यासारखा मागाच्या खांबाला उजवा हात लावला आणि मनात म्हणाल्या, आता कसली गाठ आणि कसलं ओढून बघणं. आता नुसतं कापायचं.

मागावर शेवटची शाल होती. पांढरं अंग, राखाडी काठ. काल दुपारी ती विणून पूर्ण झाली होती आणि आज चार वाजता संग्रहालयाची गाडी यायची होती. माग पाहायला आलेला तिथला अधिकारी फार गोड बोलणारा होता. पण जाता जाता दारात थांबून हळूच म्हणाला होता, "माई, धागे मात्र सगळे काढून द्या हं. धूळ धरतात. नुसता माग छान दिसेल."

नुसता माग! घर द्या, पण आतली माणसं बाहेर काढून द्या, असंच ऐकू आलं होतं माईंना. तरी त्या "बरं" म्हणाल्या. काय करणार? डोळ्यांनी दगा दिला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा डॉक्टरांनी जपून वापरायला सांगितला होता. विणायला अडत नव्हतं, विणायला हात पुरतात. अडलं होतं ते सांधणीपाशी.

मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की कापड कापून घ्यायचं. पण कापताना जुने धागे वीतभर मागावरच राहू द्यायचे. एकूण नऊशे साठ धागे, प्रत्येक मागावरच्या आपापल्या बारीक छिद्रातून, म्हणजे डोळ्यातून, आणि फणीच्या आपापल्या दातातून ओवलेला. मग नव्या ताण्याचा एकेक धागा एकेका जुन्या शेपटाला बांधायचा आणि सगळं हलक्या हाताने पुढे ओढून घ्यायचं. जुना धागा नव्याला बोट धरून त्याच्या जागेवर नेऊन सोडतो. ही सांधणी. माग सासूबाईंच्या सासूबाईंचा होता आणि तेव्हापासून तो एकदाही रिकामा झाला नव्हता. या शालीतल्या एखाद्या धाग्याचं बोट धरून मागे मागे जात राहिलं, तर माईंनी फोटोतही न पाहिलेल्या एका बाईच्या हातापाशी पोचता आलं असतं.

एकदा सगळे धागे काढले की ते संपलं. कोऱ्या मागावर नऊशे साठ धागे ओवायचे कसे, हे सासूबाईंना कधी करावं लागलं नव्हतं, म्हणून त्यांनी शिकवलंही नव्हतं.

"अजून कापलं नाहीस?" चिमटी चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"कापते गं. घाई कसली?"

"घाई नाही. पण तू त्या कात्रीकडे अशी बघतेयस, तीच तुला कापणार आहे बहुतेक."

चिमटी ही माईंची नात, मुलाची मुलगी. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून हे नाव पडलं. पुढे ती बापापेक्षा वीतभर उंच झाली, तरी नाव सुटलं नाही. आता तर ते धंद्यालाही शोभत होतं. चौकातल्या एका अरुंद दुकानात ती मोबाइल दुरुस्त करायची आणि दिवसभर तिच्या हातात चिमटा असायचा. माई शेजारणींकडे गाऱ्हाणं सांगायच्या, "आमची मुलगी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून असते." शेजारणी सुस्कारा सोडून म्हणायच्या, "आमच्याकडेही तेच." मग आतून चिमटीचा आवाज यायचा, "आजी, उघडलेल्या मोबाइलमध्ये! तेवढंही सांगत जा."

चिमटीने कप खिडकीत ठेवला आणि पिशवीतून डोक्याला बांधायचं भिंग काढलं. पट्टा, पट्ट्याला दोन जाड काचा, वर एक इवलासा दिवा.

"हे लाव. नाहीतर धाग्याबरोबर बोटही कापून घेशील."

"आणि तुझं काम?"

"दुकानात दुसरं आहे. हलू नकोस." तिने अंबाड्याच्या वरून पट्टा बसवला, काचा खाली केल्या, दिवा लावला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "वा! आता खाणीत उतरायला मोकळी."

माई हसल्या. काचेतून त्यांना स्वतःचे हात दिसले. केवढ्या सुरकुत्या! या केव्हा आल्या?

चिमटी मागाशी वाकली होती. तिने एक बोट धाग्यांवरून आडवं फिरवलं, अगदी न दाबता. सगळे धागे एकामागून एक हलले आणि थांबले.

"आजी, पुढच्या सांधणीच्या पहिल्या चाळीस गाठी माझ्या, असं तू म्हणाली होतीस ना?"

"कुठली गोष्ट कुठे काढलीस! आणि तूच 'नको' म्हणाली होतीस की."

"हो, म्हणाले होते." चिमटी चपलेत पाय सरकवत होती. एक पाय गेला, दुसरा जाईना. "पण तू परत विचारलंस कुठे?"

हसतच म्हणाली आणि निघून गेली.

ती वळणावर दिसेनाशी होते न होते, तोच खिडकीत शेजारचे मास्तर उभे राहिले. हे गाण्याचे मास्तर. चाळीस वर्षं मुलांना गाणं शिकवलं. आता त्यांच्याकडे कुणीच येत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांकडे जायचे.

"मग? आज निरोप म्हणायचा मागाला."

"हो."

"आपल्याबरोबरच जायचं हो हे सगळं, माई. या पोरांना चिकाटी नाही. माझा शेवटचा विद्यार्थी. बाराव्या दिवशी मला काय म्हणाला ठाऊक आहे? सर, याचं रेकॉर्डिंग नाही का मिळणार? म्हणजे मी घरी ऐकेन, तुम्हाला त्रास नको!"

"त्रास नको म्हणाला, एवढी तरी माया आहे त्याला."

"थट्टा करा. पण तुमच्याकडे तरी काय वेगळं आहे? घरात एवढा माग, आणि नातीला त्याचं काही आहे का?"

"तिला कधी रसच नव्हता," माई म्हणाल्या. हे वाक्य त्या इतक्यांदा बोलल्या होत्या की ते आपोआप तोंडातून यायचं. आज मात्र ते बाहेर पडताना कुठेतरी अडकलं. मास्तर आणखी थोडं हळहळून गेले. माईंनी चहा घेतला. तो गार झाला होता.

परत विचारलंस कुठे.

चिमटी नऊ वर्षांची होती तेव्हा. शाळेला सुट्टी लागली होती. आपणहून येऊन मागाशेजारी स्टुलावर बसली होती आणि जिभेचं टोक बाहेर काढून चाळीस गाठी मारल्या होत्या. सकाळभर बसली होती. त्या दिवशी शाली बघायला चार बायका आल्या होत्या. त्यांच्यासमोर माईंनी गाठी एकेक करून ओढून पाहिल्या. अकरा सुटल्या. "अहो, लहान आहे ती," एक बाई म्हणाली. त्यावर माई म्हणाल्या, "ती लहान आहे म्हणून धागा थोडाच तिला धाकटी बहीण समजून सांभाळून घेणार आहे?" सगळ्या खूप हसल्या. माईही हसल्या. मग त्यांनी चाळीसच्या चाळीस कापल्या, नवा ताणा चार बोटं पुढे ओढला आणि पुन्हा स्वतः मारल्या. पोर तिथेच उभी राहून बघत होती. संध्याकाळी जेवेना, तेव्हा माईंनी तिला जवळ घेतलं. "पुढच्या सांधणीच्या पहिल्या चाळीस गाठी तुझ्या. शब्द दिला." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नको."

त्यानंतर किती सांधण्या झाल्या! दरवेळी माई एकट्याच बसल्या.

कापायचं पुढे ढकलायला काहीतरी हवं होतं. अधिकाऱ्याने सुटं सामानही मागितलं होतं. धोटे, कांड्या, फणी साफ करायचा ब्रश. ते ठेवायला माईंनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. हा डबा सासूबाईंचा. त्यात गाठींच्या पट्ट्या होत्या. सांधणी पुढे ओढली की नऊशे साठ गाठींची ओळ फणीतून पुढे येते, कापडाच्या अगदी सुरुवातीला, आणि रुळावर सगळ्यात आधी गुंडाळली जाते. कापड उतरलं की ती चार बोटं पट्टी कापून टाकायची असते. सासूबाई ती टाकत नसत. वळकटी करून या डब्यात ठेवत. कशाला, असं माईंनी एकदा विचारलं होतं. "असू दे," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे माईंनीही तसंच केलं. सवय दुसरं काय.

डबा रिकामा करायला त्यांनी पट्ट्या मांडीवर ओतल्या. सगळ्यात तळाची, लाल धाग्याने बांधलेली, त्यांची स्वतःची होती. पहिली सांधणी.

तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, लग्नाला सहा महिने झाले होते. सासूबाईंनी नवा ताणा समोर टाकला आणि सांगितलं, "बस. तुझी तू कर." पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी सासूबाईंनी त्यांचे हात हातात घेऊन पाहिले. "बोटं सुजलीत गं. जा, दोन दिवस माहेरी राहून ये." सासूने आपणहून माहेरी धाडलं म्हटल्यावर आईने दारातच अडवलं. "काय करून आलीस? खरं सांग. सासू उगाच नाही पाठवत." दोन दिवस आईची समजूत काढण्यातच गेले. परत आल्यावर ताणा ओढला. नऊशे साठ धागे झोकात फणीतून पुढे आले. सासूबाईंनी दारात जाऊन चार घरांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या सुनेची एकही गाठ सुटली नाही!"

त्या एका वाक्यावर माईंनी आयुष्य काढलं होतं. नवरा गेला त्या वर्षी मागावर बसवेना, तेव्हाही त्या स्वतःला हेच सांगत, ज्या हातांची एकही गाठ सुटली नाही ते हात आहेत हे. बसतील.

त्यांनी पट्टी उलगडली. डोक्यावर भिंग होतंच, दिवाही चालू होता, म्हणून नुसतं पाहिलं. काय गोंडस गाठी! मोहरीएवढ्या जाड, कुठे शेपूट लांब, कुठे आखूड. माईंना हसू आलं. मग एका धाग्यापाशी त्या थांबल्या. काच जवळ घेतली.

त्या एका धाग्यावर दोन गाठी होत्या.

पुढचे तीन धागे एकेका गाठीचे. मग पुन्हा दोन. मग लागोपाठ चार धाग्यांवर दोन दोन.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाला कळली नसती. माईंना कळायला वेळ लागला नाही. धाग्याला गाठ एकच लागते. ती सुटली किंवा सोडवली, की टोकं आखूड होतात, पुन्हा बांधायला पुरत नाहीत. शेजारच्या गाठी तशाच ठेवायच्या तर ताणा पुढे ओढता येत नाही, मग मध्ये बोटभर तुकडा घालावा लागतो आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारावी लागते. या जोडलेल्या गाठी खसखशीच्या दाण्याएवढ्या होत्या, दोन्ही शेपटं एकाच बाजूला, बरोबरीने कापलेली. हा हात माई झोपेतही ओळखू शकल्या असत्या.

पहिल्या शंभर धाग्यांत अशा जोड्या एकेचाळीस निघाल्या. दुसऱ्या शंभरात त्याहून जास्त. पुढे त्यांनी मोजलं नाही.

दोन दिवस. माहेरचे ते दोन दिवस. इकडे एक बाई सुनेची एकेक गाठ ओढून बघत बसली होती. जी धरेल ती तशीच राहू देत होती, कितीही बेढब असली तरी, आणि जी सुटेल तिच्या जागी तुकडा घालत होती. सगळं कापून, ताणा पुढे ओढून नव्याने बांधलं असतं तर तिला अर्ध्या वेळात झालं असतं. आणि नंतर दारात उभी राहून तिने जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एकही गाठ सुटली नव्हती. कुणी मारलेली, ते तिने सांगितलं नव्हतं इतकंच. ती पट्टी कापडाच्या पोटात गुंडाळली गेली, आणि कापड उतरलं तेव्हा स्वतःच्या हाताने कापून तिने डब्याच्या तळाशी घातली.

चूक पोटात घालणं म्हणतात ते माईंनी आजवर फक्त ऐकलं होतं. मांडीवर घेऊन बसल्या होत्या त्या आज पहिल्यांदा.

त्यांनी पट्टी डोळ्यांना लावायला उचलली. ती काचेवर आपटली. माईंना एकाच वेळी हसू आणि रडू आलं. मग काच वर करून त्यांनी ती नीट, दोन्ही हातांनी, डोळ्यांना लावली. "सासूबाई," एवढंच म्हणाल्या. ज्यांना सांगायचं, त्यांना पुढचं सांगावं लागलंच नसतं.

माग त्यांच्या हाती देताना सासूबाईंनी ते वाक्य सांगितलं होतं. ओढून बघायची, पण मारणाऱ्याच्या देखत नाही. वडीलधाऱ्यांच्या शंभर सांगण्यांतलं एक, म्हणून माईंनी ते पाठ केलं. वापरायची वेळ कधी आली नाही, कारण मारणाऱ्या त्याच आणि ओढणाऱ्याही त्याच.

एकदा आली होती.

माईंनी काच पुन्हा खाली केली. वळकट्या चाळल्या. त्या वर्षीचा ताणा पिवळा होता, त्यामुळे पट्टी लगेच सापडली. ती त्यांनी अर्धीच उघडली, कडेच्या पहिल्या चाळीस धाग्यांपुरती. गाठी पाहण्यासारख्या होत्या. एकसारख्या, बारीक, खसखशीच्या दाण्याएवढ्या, शेपटं एका बाजूला. कुठेही दोन गाठी नाहीत, कुठे बेढब मोहरी नाही. धरलेल्या एकोणतीस गाठींपैकी एकही नाही. त्या स्टुलावर सकाळभर एक मूल बसलं होतं, याची कसलीच खूण त्या पट्टीत नव्हती.

माईंनी ती पट्टी परत गुंडाळली. मग त्यांनी सगळ्या वळकट्या होत्या त्याच क्रमाने डब्यात भरल्या. डबा फळीवर ठेवला. कात्री घेतली आणि शाल कापली. वीतभर धागे मागावर राहिले.

शालीची घडी घालत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"माई, गाडी निघतेय हं. धागे काढलेत ना?"

"शाल देते तुम्हाला. काचेच्या कपाटात ठेवा, चांगली दिसेल. माग नाही देता यायचा."

"अहो, पण आपलं सगळं ठरलं होतं. मन बदललं का तुमचं?"

"या वयात कसलं मन बदलतंय. सांधणी राहिलीय."

"बरं... मग किती दिवस लागतील त्याला?"

"ते विचारून सांगते," माई म्हणाल्या.

पेटीत एक शेवटचा ताणा होता. डोळे धड होते तेव्हा काढून ठेवलेला, दुधासारखा पांढरा. त्यांनी तो काढला, झटकला आणि मागामागे ठेवला. माळ्याखालचं स्टूल ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि कडेच्या पहिल्या धाग्यांपाशी लावलं. लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे फार ठेंगणं आहे. एवढ्या उंच मुलीचे गुडघे नाकाला लागतील. स्टूल बाजूला करून त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली. चपला घातल्या. दार ओढून घेतलं.

मास्तर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पाहून उठलेच.

"अहो माई! भर दुपारी डोक्यावर दिवा लावून कुठे निघालात?"

माईंनी कपाळाला हात लावला. भिंग तसंच होतं. काढायला पट्टा कुठून सोडायचा, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"चिमटीच्या दुकानात."

"मोबाइल बिघडलाय का?"

"मोबाइल धड आहे. एक विचारायचं राहिलंय."

"मग फोनवर विचारा की! या उन्हात कशाला?"

"नाही हो, मास्तर. उशीर फार झालाय. पायीच जायला हवं."

मास्तरांना काही उमगलं नाही. ते पेपरची सुरळी करत बघत राहिले. माई भिंतीच्या सावलीच्या कडेकडेने चालू लागल्या, कपाळावरचा दिवा उन्हात फिकट जळत होता. वळणावर त्या क्षणभर थांबल्या. काय विचारायचं ते वाक्य त्यांनी ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं, मग ओढून बघावं तसं आणखी एकदा. आजूबाजूला कुणी नव्हतं.